फ्रँकफर्टच्या कापड-जत्रेला पहिल्यांदा जाताय? निम्मं काम सोलापुरातच आहे



जानेवारी आला की सोलापूरच्या टॉवेलवाल्यांची पंचाईत होते. इकडं सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा. आणि तिकडं जर्मनीत बहुतेक त्याच आठवड्यात फ्रँकफर्टला हाइमटेक्स्टिल. टॉवेल, चादरी, बेडशीट, पडदे, उशा अशा घरगुती कापडाचं हे जगातलं सगळ्यात मोठं प्रदर्शन, 1971 पासून भरतंय. 2025 मध्ये ते 14 ते 17 जानेवारीला होतं, 2026 मध्ये 13 ते 16 जानेवारीला. म्हणजे संक्रांत बरोबर मध्ये! ज्याला आपला माल युरोपात न्यायचाय, त्याला त्या वर्षी बाराबंदी कपाटात ठेवून थर्मल चढवावं लागतं.

एक्स्पोर्टवरच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच, की "सर, एकदा तिथं जाऊन यावं का, आणि जायचं तर कसं?" मोठ्या कारखानदारांचे तिथं वर्षानुवर्षं स्टॉल लागतात, त्यांना माझ्या सल्ल्याची गरज नाही. हे लिहितोय ते चार-आठ माग असलेल्यांसाठी, किंवा दुसऱ्याकडून माल विणून घेऊन स्वतःच्या नावानं विकणाऱ्यांसाठी. मी स्वतः टॉवेल-चादरीचं दुकान चालवतो, तिथं दोनदा जाऊन आलोय, दोन्ही वेळा व्हिजिटर म्हणूनच.

आधी हिशोब. विमानाचं तिकीट, व्हिसा, इन्शुरन्स, पाच-सहा रात्रींचं हॉटेल, प्रवेश तिकीट, खाणं आणि तिथला लोकल प्रवास असं सगळं मिळून समजा दोन लाख रुपये झाले. तुम्हाला एका टॉवेलमागं निव्वळ आठ रुपये सुटतात असं धरू. दोन लाख भागिले आठ म्हणजे 25 हजार टॉवेल. ही सहल नुसती फिटायला तेवढा जादा माल विकावा लागेल. 490 ग्रॅमचा टॉवेल धरला तर सव्वाबारा टन माल! तुमच्या मागांवर एवढा माल निघायला किती महिने लागतात ते तुम्हालाच माहीत. स्वतःचे आकडे घालून हे गणित एकदा कागदावर करा. आकडा बघून पोटात गोळा आला तर यंदा दिल्लीला 'भारत टेक्स'ला जाऊन या. 2024 च्या फेब्रुवारीत ते पहिल्यांदा भरलं, परदेशी बायर तिथंही येतात आणि व्हिसा लागत नाही. 2019 च्या सप्टेंबरमध्ये तर सोलापुरातच टेरी टॉवेलचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. रंगीत तालीम घरच्या अंगणात करून मग परदेशी जाणं कधीही बरं.

आणि स्टॉलचं म्हणाल, तर पहिल्या वर्षी स्टॉल घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. टेक्स्प्रोसिल, पीडेक्सिल अशा एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिलमार्फत स्टॉल घेणाऱ्यांना सरकारी मदतीच्या योजना असतात, पण पैसे आधी तुमच्या खिशातून जातात. स्टॉलला बांधलेला माणूस चार दिवस खुर्चीवर बसून राहतो. व्हिजिटर मोकळा फिरतो, दहा जणांचे टॉवेल हाताळून बघतो.

व्हिसा: खरी परीक्षा बँक स्टेटमेंटची

तिथं जायला शेंगेन व्हिसा लागतो. फी 90 युरो, व्हिसा सेंटरचा चार्ज वेगळा, आणि व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, कमीत कमी 15 दिवस आधी करावाच लागतो. पण 15 दिवसांच्या भरवशावर कोण राहणार? डिसेंबरात नाताळच्या सुट्टीला जाणाऱ्यांची गर्दी असते, अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. दसऱ्याला कामाला लागा, दिवाळीच्या आसपास अर्ज झालेला पाहिजे. बायोमेट्रिकसाठी पुण्याला किंवा मुंबईला जावं लागतं. पासपोर्टचं काम मात्र सोलापूरच्या पासपोर्ट सेवा केंद्रातच होतं. पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा.

कागदांची यादी व्हिसा सेंटरच्या साइटवर मिळते, ती इथं पुन्हा लिहीत नाही. आपल्या लोकांची गाडी कुठं अडते ते सांगतो. आपला अर्धा धंदा रोखीत. रिटर्न भरलेलं अडीच-तीन लाखांचं, आणि अर्जात उलाढाल लिहिलेली कोटीची. मग अपॉइंटमेंटच्या आठ दिवस आधी मेहुण्याकडून पाच लाख घेऊन खात्यात टाकायचे! कागद तपासणाऱ्याला ते पहिल्या नजरेत दिसतं. खात्यात पैसा किती आहे यापेक्षा तो कुठून आला, आणि हा माणूस परत येणार का, एवढंच तो बघत असतो. म्हणून निदान सहा महिने आधीपासून विक्रीचा पैसा चालू खात्यातून फिरू द्या. जीएसटी, उद्यम नोंदणी, इन्कम टॅक्स रिटर्न आणि बँक स्टेटमेंट या चारही कागदांवर नाव आणि पत्ता एकच असू द्या. भगिनींनो, एका कागदावर माहेरचं नाव आणि दुसऱ्यावर सासरचं असेल तर ते आत्ताच जुळवून घ्या. आणि ज्यांच्या घरी आडनाव आधी लिहायची पद्धत आहे, त्यांनी पासपोर्टवर नाव कुठल्या रकान्यात आलंय ते बघून अगदी तसंच विमानाच्या तिकिटावर लिहावं.

कव्हरिंग लेटर एक पानाचं, साध्या इंग्रजीत. मी कोण, काय बनवतो, या प्रदर्शनात नेमकं काय बघणार, खर्च कोण करणार आणि परत येऊन काय करणार. प्रदर्शनाचं तिकीट आधी काढून सोबत जोडा, जाण्याचं कारण त्यातून सिद्ध होतं. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये वैद्यकीय खर्चाचं कव्हर किमान 30 हजार युरोचं लागतं. रद्द न होणारं विमानाचं तिकीट व्हिसा हातात पडल्याशिवाय काढू नका. आणि "व्हिसाची गॅरंटी माझी" म्हणणाऱ्या माणसाला चहा पाजून वाटेला लावा.

बॅगेत काय

कपड्यांआधी सॅम्पलचं बोलू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथं होतो. दोन डझन टॉवेल प्लास्टिकमध्ये पॅक करून बॅगेत भरले, तर विमानतळावर कस्टमवाला त्याला विक्रीचा माल समजू शकतो. प्रवाशाला स्वतःच्या वस्तूंसाठी जी सूट असते ती व्यापारी मालाला लागू नाही. ऑर्डर मिळवण्यासाठी नेलेल्या किरकोळ किमतीच्या नमुन्यांना युरोपात ड्युटी माफ आहे, पण ते विकता येणार नाहीत असे करून आणायला अधिकारी सांगू शकतो. म्हणजे फाडलेले, भोक पाडलेले किंवा न पुसणाऱ्या शाईनं खूण केलेले. तेव्हा प्रत्येक प्रकाराचा एकच नग घ्या. कोपऱ्याला छोटी चीर द्या, मागं पक्क्या शाईनं इंग्रजीत 'सॅम्पल, विक्रीसाठी नाही' असा शिक्का मारा, आणि सगळ्या नगांची यादी लेटरहेडवर सोबत ठेवा. यापेक्षा जास्त माल न्यायचाच असेल तर फिक्की 'एटीए कार्नेट' नावाचा कागद देते. माल दाखवून परत आणण्यासाठी तो असतो.

माझी एक आवडती युक्ती सांगतो. 30 बाय 30 सेंटिमीटरचे नॅपकिन विणून घ्या, कडेला जीएसएम आणि सूताचा काउंट लिहिलेलं लेबल शिवा. हेच तुमचं व्हिजिटिंग कार्ड. कागदी कार्ड हॉटेलच्या कचऱ्यात जातं, नॅपकिन कुणी टाकत नाही. मात्र यावरही शिक्का पाहिजेच.

आता स्पेक शीट. तुमच्या टॉवेलची कुंडलीच म्हणा ना. आपण 30 बाय 60 म्हणतो ते इंच. तिकडं सगळं सेंटिमीटरमध्ये चालतं, हँड टॉवेल 50 बाय 100, बाथ टॉवेल 70 बाय 140. वजन सांगायचं ते जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. 70 बाय 140 चा टॉवेल म्हणजे 0.98 चौरस मीटर, 500 जीएसएम असेल तर त्याचं वजन 490 ग्रॅम भरलं पाहिजे. हे गणित उभ्या उभ्या करता आलं पाहिजे, कारण समोरचा माणूस टॉवेल हातावर तोलून आकडा सांगतो आणि तुमच्याकडं बघतो. शीटवर एचएस कोड लिहा, सुती टेरी टॉवेलसाठी तो 6302 60 नं सुरू होतो. एका कार्टनमध्ये किती नग, कार्टनचं माप, कमीत कमी किती ऑर्डर घेणार, किती दिवसांत देणार, आणि न्हावा शेवा बंदरापर्यंतचा एफओबी भाव डॉलर किंवा युरोत. सोलापूर ते बंदर हे भाडं त्यात धरायला विसरू नका.

आणखी एक ओळ अशी आहे जी बहुतेकांच्या शीटवर कोरी असते. सर्टिफिकेट! काही अ‍ॅझो रंगांवर युरोपात बंदी आहे. तुमचा डाइंगवाला कोणता रंग वापरतो हे तुम्हाला माहीत नसेल तर ते आधी विचारून घ्या. ओइको-टेक्स स्टँडर्ड 100 आहे का, हा प्रश्न भावाच्याही आधी येतो. नसेल तर "नाही, पण टेस्टिंगचा खर्च आणि वेळ मी काढून ठेवलाय" असं सांगता आलं पाहिजे.

खाण्याचं सोपं आहे, आपण सोलापूरकर! कडक भाकरी आणि शेंगाचटणी परदेशवारीसाठीच शोधून काढली असावी. पण चटणी डबल पॅक करा, नाहीतर सगळ्या सॅम्पलला लसणाचा वास. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात प्रवाशाच्या बॅगेतून नेता येत नाहीत, त्यामुळं पेढे, तूप, खव्याची पोळी घरीच. कढीपत्ता, पेरू, बोरं असलं ताजंही नको.

कोट मात्र चांगला घ्या. तिथं जानेवारीत पारा शून्याच्या आसपास असतो आणि पाचच्या आधी अंधार पडतो. बूट नवे कोरे नकोत, महिनाभर होटगी रोडवर चालून मळलेले हवेत, कारण दिवसभर तुम्ही चालतच असणार. मोबाइल चार्जरची आपली दोन गोल पिनांची पिन तिथं चालते, तीन पिनांची चालत नाही. आणि भारतीय सिमचं रोमिंग सुरू करून जा. नेट तिथलं वापरा, पण बँकेचा ओटीपी आपल्याच नंबरवर येतो!

पोचणं, राहणं

मुंबईहून फ्रँकफर्टला थेट विमान आहे, साधारण नऊ तास. दिल्लीवरून स्वस्त मिळालं तरी जानेवारीतलं तिथलं धुकं लक्षात घ्या, मधल्या वेळेत तास-दीड तासच असेल तर नको. सोलापूरहून मुंबईला विमानाच्या आदल्या दिवशीच पोचा. 2025 च्या ऑक्टोबरपासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झालीय, त्यामुळं उतरल्यावरही रांगेचा वेळ धरा. अधिकारी विचारेल, कशाला आलात? तर प्रदर्शनाचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि परतीचं तिकीट दाखवायचं. हे तिन्ही कागद प्रिंट काढून हातातल्या पिशवीत ठेवा.

प्रदर्शनाच्या आठवड्यात फ्रँकफर्टमधली हॉटेलं आपल्याकडच्या आषाढीतल्या पंढरपूरसारखी होतात. भाव गगनाला. म्हणून शहराबाहेर बघा. मेंझ, ऑफेनबाख, हानाऊ ही गावं एस-8 या लोकल गाडीवर आहेत, आणि हीच गाडी विमानतळावरूनही जाते. मुख्य स्टेशनजवळ स्वस्त खोली दिसली तर जरा थांबा. त्या भागातल्या काही गल्ल्या नशेबाजांसाठी बदनाम आहेत, रात्री एकट्यानं सॅम्पलची बॅग ओढत जायची ती जागा नाही. दोघं-तिघं मिळून किचन असलेला फ्लॅट घेतला तर सगळ्यात परवडतं.

मुख्य स्टेशनवरून एस-3, एस-4, एस-5, एस-6 यांपैकी कुठलीही गाडी पकडा, दुसरं स्टेशन 'मेसे'. मेसे म्हणजे जत्रा! या शहराचा जत्रेचा परवाना 1240 सालचा, सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकनं दिलेला. म्हणजे आपण गड्ड्यावरून उठून दुसऱ्या जुन्या गड्ड्यावर जातो म्हणायचं. स्टेशनवर गेट नसतं, कुणी अडवत नाही, म्हणून तिकीट लागत नाही असं समजू नका. पकडलं तर 60 युरो दंड. प्रदर्शनाच्या तिकिटात लोकल प्रवास धरलाय का ते त्या तिकिटावरच वाचा.

यूपीआयची सवय इथं सोडावी लागते. फॉरेक्स कार्ड आणि दीड-दोनशे युरो रोख, एवढं पुरतं. रविवारी दुकानं बंद असतात, रविवारी उतरलात तर स्टेशनातल्या दुकानातूनच दूध-ब्रेड घ्या. नळाचं पाणी पिता येतं. बाटलीवर 25 सेंट डिपॉझिट असतं, ती फेकू नका, मशीनमध्ये टाकली की पैसे परत. अडचणीत 112 लावा.

आत गेल्यावर

लोक इथं चुकतात ती गोष्ट नीट समजून घ्या. स्टॉलवर बसलेली माणसं विकायला आलेली असतात. बायर तुमच्यासारखेच हॉलमधून फिरत असतात. मग प्रत्येक स्टॉलवर जाऊन "मी सोलापूरहून, माझा टॉवेल घ्या" म्हणण्यात काय अर्थ आहे? ज्यानं स्टॉलसाठी लाखो रुपये भरलेत त्याच्या दारात उभं राहून दुसऱ्यानं माल विकणं कुणालाच आवडत नाही.

पण त्या स्टॉलवाल्यांमध्ये युरोपातले होलसेलर आणि ब्रँडवालेही असतात. ते स्वतः विणत नाहीत, भारत, पाकिस्तान, तुर्कस्तानातून घेतात. ते तुमचे खरे गिऱ्हाईक. प्रदर्शनाच्या साइटवर सहभागी कंपन्यांची यादी असते. नोव्हेंबरपासून ती चाळा, अशा 25-30 कंपन्या निवडा, आणि त्यांच्या खरेदी विभागाला चार ओळींचा मेल टाका. सोबत स्पेक शीट, आणि 15 मिनिटं मागा. तिसांतल्या तिघांनी वेळ दिली तरी सहल कामी आली. भेट साडेदहाची असेल तर दहा पंचवीसला दारात हजर. हॉलचे नंबर 10.2 असे असतात, म्हणजे दहावा हॉल, दुसरा मजला. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला भरपूर वेळ लागतो, म्हणून एका दिवसाच्या भेटी जवळच्या हॉलमध्ये ठेवा.

उरलेला वेळ स्पर्धकांना द्या. तुर्कस्तानचं देनिझली हे टॉवेलचं गाव, त्यांचं सोलापूरच म्हणा. पोर्तुगालचं गिमाराइश, पाकिस्तानचं कराची. त्यांचा टॉवेल हातात घ्या. काठाची शिलाई, पाइलची उंची, पॅकिंगची कागदी पट्टी बघा, रंग कोणते चाललेत ते बघा. आपली जेकार्ड चादर आणि टेरी टॉवेल या दोघांनाही जीआय मिळालाय, पण त्या हॉलमध्ये हे सांगणारं लेबल आपल्या मालावर क्वचित दिसतं, ही मला खटकणारी गोष्ट. फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका. डिझाइन चोरीच्या बाबतीत तिथले लोक फार कडक आहेत, आयोजकांची नक्कल रोखण्यासाठी वेगळी मोहीमच आहे. त्यापेक्षा छोटी वही ठेवा आणि प्रत्येक भेटीनंतर बाहेरच्या बाकावर बसून दोन ओळी लिहा. संध्याकाळपर्यंत सगळे चेहरे एक होतात.

बोलताना आपली एक सवय घरी ठेवून जा. "हो साहेब, होऊन जाईल." लग्नसराईत आणि सणाला कामगार गावी जातो हे तुम्हाला ठाऊक आहे ना? मग 45 दिवस लागणार असतील तर 45 च सांगा. नाही जमत तर नाही म्हणा, ते लोक राग धरत नाहीत. भाव मागितल्या मागितल्या दहा टक्के स्वतःहून कमी करणं तर अजिबात नको. समोरच्याला वाटतं, मग आधीचा आकडा काय होता?

परत आल्यावर

पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला वेगळा मेल. त्यात वहीतली ती दोन ओळींची आठवण: "तुम्ही 550 जीएसएमचा राखाडी टॉवेल मागितला होता, त्याचा भाव सोबत." सगळ्यांना एकच मेल कॉपी-पेस्ट केला तर तो वाचला जात नाही.

याच दिवसांत तुमच्या इनबॉक्समध्ये "प्रदर्शनाला आलेल्या सगळ्या बायरची यादी विकत घ्या" असे मेल येतील. उघडूसुद्धा नका. आणि कुणी खरोखर ऑर्डर दिली, तर आयईसी कोड तयार असू द्या. डीजीएफटीच्या साइटवर 500 रुपयांत तो निघतो, जाण्याआधीच काढून ठेवलेला बरा. पहिल्या ऑर्डरला अ‍ॅडव्हान्स किंवा एलसी. उधारीवर माल मागितला तर आधी ईसीजीसीच्या विम्याची चौकशी करा, मग सूत उचला. बँक खातं बदललंय असा मेल कुणाच्याही नावानं आला तर फोन करून खात्री केल्याशिवाय एक रुपया हलवू नका, आणि तुमच्या बायरलाही हेच आधी सांगून ठेवा.

स्पेक शीटचा मराठी-इंग्रजी नमुना व्हिडिओच्या खाली दिलाय. त्यात आज फक्त एका टॉवेलचे आकडे भरून बघा. वजनाच्या रकान्यात काटा वापरून आलेला आकडा लिहा, अंदाजाचा नको.